एकाहत्तरावं मिनिट

बाबांनी तो सिनेमा कॉलेजात असताना अमरावतीला पाहिला होता, शेवट सोडून. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगरांतली बास्क कुटुंबं आपल्या गावच्या द्राक्षवेली घोडागाड्यांत घालून अमेरिकेची मैदानं ओलांडतात, कॅलिफोर्नियात मळे लावायला. गावी जाणारी शेवटची एसटी चुकेल म्हणून बाबा मधूनच उठले. वेली पोचल्या की वाटेत वाळल्या, हे त्यांना पंचावन्न वर्षं कळलं नव्हतं.

या खेपेला ते अमेरिकेत शॉमबर्गला आमच्याकडे आले तेव्हा मी ठरवलं, शेवट दाखवायचाच. सिनेमा कुठल्याच ॲपवर नव्हता. लायब्ररीने दुसऱ्या गावाहून डीव्हीडी मागवून दिली, त्यात एकोणीस दिवस गेले. ती आली तेव्हा बाबांच्या परतीच्या विमानाला आठ दिवस उरले होते.

शनिवारी बसलो. "अरे, माणसांच्या आधी वेलींना पाणी घालतायत बघ!" बाबा म्हणाले. साडेसातला त्यांचं जेवण ठरलेलं, म्हणून एकेचाळिसाव्या मिनिटाला थांबलो. उरलेला रविवारी.

रविवारी एकाहत्तराव्या मिनिटाला चित्र गोठलं. गाड्या खिंडीत, एक बाई वाकलेली, बस्स. पुढे सरकवलं, मागे आणलं, दुसऱ्या प्लेअरमध्ये घातलं. सिनेमा एक्क्याऐंशी मिनिटांचा. शेवटची दहा नाहीतच. तबकडी उजेडात धरली तर तिच्यावर ओरखडेच ओरखडे.

"बाबा, हिला काही केलंत का?"

"काही नाही. सकाळी धुतली."

"धुतली?"

"बोटांचे ठसे होते रे. दुसऱ्याची वस्तू, अशीच परत द्यायची का? घासणीच्या मऊ बाजूनेच घासली. हिरवी फक्त कडेला लावली."

आमच्या घरून शेजाऱ्यांचं पातेलं कधी न घासता परत गेलं नाही. लहानपणी ते घासायचं काम माझंच होतं. तरीही मी ओरडलो, "ती काय पातेलं आहे?"

बाबा म्हणाले, "जाऊ दे. पंचावन्न वर्षं काही अडलं नाही." त्याचाच मला जास्त राग आला.

दुसरी प्रत आली ती बाबा भारतात परतल्यावर बारा दिवसांनी. व्हिडिओ कॉल लावला आणि शेवटची दहा मिनिटं फोन टीव्हीसमोर धरून उभा राहिलो.

"नुसता पांढरा उजेड दिसतोय," बाबा म्हणाले. "तूच सांग. पोचल्या का?"

"पोचल्या. लावतायत."

"किती?"

चित्र थांबवून मी मोजल्या. "अकरा."

"अकरा! मग होईल मळा."

सुरुवातीला गाडीत मी तेवीस मोजल्या होत्या. ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

"आणि ही तरी तशीच परत दे," ते म्हणाले.