घडीत गेलेला रस्ता

कुमुद गेल्याचा फोन आला तेव्हा मी निंबोल्याच्या आमच्या शेतात होते. केळीची कापणी चालू होती आणि ट्रकमध्ये घड नीट रचतात की नाही ते बघत मी बांधावर उभी होते. फोन तिच्या शेजारणीचा. "भाभी, दीदी उठ नहीं रही," एवढं ती म्हणाली आणि मग नुसतं तिचं रडणं ऐकू यायला लागलं. मला रडू नंतर आलं. आधी राग आला. त्या रविवारी कुमुदने मला बोलावलं होतं, नेमका ट्रक आला म्हणून मी गेले नाही, पुढच्या रविवारी नक्की येते म्हणून कळवलं आणि ही मंगळवारीच निघून गेली. घाई तर तिच्या अंगातच होती. पण माझ्यासाठी पाच दिवस थांबायला काय झालं होतं तिला... असं मी ट्रकवाल्यासमोर मोठ्याने बोलले. तो बिचारा हातातला घड तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला.

त्याला आता सहा आठवडे होऊन गेले. अजून माझं चित्त ठिकाणावर नाही. भाजी फोडणीला टाकते आणि गॅस बंद करून अंगणात येते, अंगणात काही काम नसतं म्हणून परत आत जाते. हे लिहिणंही असंच उठत-बसत झालेलं आहे, तेव्हा कुठे मागचं पुढे झालं असेल तर सांभाळून घ्यावं.

कुमुद माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शाळेत जात होती. माझे यजमान तिच्याहून आठ वर्षांनी मोठे, त्यामुळे तिचा सगळा लाडीगोडीचा कारभार माझ्यामार्फत चाले. मुलगी हुशार, पण खरी करामत तिच्या हातात होती. पट्टी न लावता ती सरळ रेघ मारायची. या हाताच्या जोरावरच तिला बुऱ्हाणपुरात नकाशांच्या सरकारी कचेरीत ट्रेसरची नोकरी लागली. गावोगावचे जुने नकाशे कापडावर काढलेले असत, आमच्याकडे त्याला लट्ठा म्हणतात. वर्षानुवर्षं घड्या घालून-उलगडून ते विरायला आलेले. काचेच्या टेबलाखाली दिवा लावायचा, वर लट्ठा, त्याच्यावर पारदर्शक कागद, आणि खालची रेघ न् रेघ जशीच्या तशी वर उतरवायची. "वहिनी, ट्रेसरला अक्कल नको, फक्त डोळे पाहिजेत," असं ती पहिल्या महिन्यात मोठ्या ऐटीत सांगायची. मी म्हणायचे, मग तर तुला अगदी योग्य नोकरी मिळाली.

पुढे तिचं लग्न झालं, नवरा शिक्षक होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, नातेवाइकांकडे राहतात. हिने जुने नकाशे धरले. अर्ज करकरून त्यांच्या प्रती मिळवायच्या, सगळ्या एका मापाच्या करून घ्यायच्या, मोबाइलवर वरून काढलेला जमिनीचा फोटो दिसतो तोही तेवढ्याच मापात छापून आणायचा आणि एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला चिकटवायचे. मागून ऊन आलं की जुन्या गावातून नवं गाव दिसायला लागायचं. नुसतं बघून तिचं समाधान होत नसे. प्रत्येक रेघ पायाने चालून बघायची. एकदा तिने मला पुलावरून जैनाबादच्या बाजूला नेलं आणि तापीच्या काठापासून बऱ्याच आत, एका तुरीच्या शेतात उभं केलं. माझ्या नव्या चपलांना चिखल लागलेला, ऊन मी म्हणत होतं. कागद बघत ती म्हणाली, "वहिनी, जुन्या नकाशाप्रमाणे तू आत्ता नदीत उभी आहेस. गळ्यापर्यंत पाणी असणार." मी म्हटलं, बुडाले तर बरंच होईल, घरी तरी जायला मिळेल. दुसऱ्या वेळी ती शहरातल्या एका पॉवरलूमच्या शेडमध्ये शिरली. मशिनं धडधडत होती. मालकाला ओरडून सांगायला लागली की तुमच्या तिसऱ्या लूमच्या खाली विहीर आहे, जुन्या नकाशात गोल काढलेला आहे. तो म्हणाला, "तो क्या मशीन हटा दूँ, दीदी?" ही म्हणाली, "नहीं भाई, बस मालूम रहे." तेव्हा ते मला गमतीचं वाटलं होतं. माहीत असणं पुरतं, असं तेव्हा आम्हा दोघींनाही वाटत होतं.

दोन वर्षांपूर्वी तिने निंबोल्याचा नकाशा काचेला लावला. आठ दिवसांनी ती बसने शेतावर आली, चहासुद्धा न घेता यांच्यासमोर कागद पसरला आणि म्हणाली, "दादा, आपल्या केळीत रस्ता आहे." जुन्या लट्ठ्यात आमच्या शेताच्या उत्तरेच्या कडेने गाडीचा रस्ता दाखवलेला होता. तो मागच्या शेतापर्यंत जायचा. मागचं शेत देवकाबाईचं. त्या घराचं दुःख मी आल्यापासून बघते आहे. त्यांच्याकडे केळी चांगली येते, पण ट्रक जात नाही. घड डोक्यावर घेऊन नाल्यातून वळसा घालायचा आणि सडकेला आणायचे. पावसाळ्यात नाला भरला की तेही नाही, माल झाडावर पिकतो. देवकाबाईचा नवरा जिवंत होता तेव्हा त्याने रस्त्यासाठी अर्ज केला होता. नकाशात रस्ता नाही, असं उत्तर मिळालं. नंतर त्या घराने विषय काढला नाही.

कुमुदचं म्हणणं सरळ होतं. दरवेळी नवी लागवड करताना बाबांनी केळीची एक-एक ओळ बाहेर सरकवली, आणि दोन-तीन लागवडींत रस्ता पोटात गेला. यांचा आवाज मी कधी इतका चढलेला ऐकला नव्हता. "बाबा चोर होते का? हे सांगायला आली का तू? मेलेल्या माणसाला उत्तर देता येतं का?" मग जे बोलू नये तेही बोलले, की तुले जमिनीत वाटा पाहिजे असेल तर तसं सांग. कुमुदने कागदाची गुंडाळी केली. फाटकापर्यंत मी मागे गेले, पण तिने वळून बघितलं नाही. त्यानंतर बहीण-भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. राखीला तिने राखी पाकिटातून पाठवली, यांनी ती न बांधता देव्हाऱ्यात ठेवली. मी दोन्हीकडे जात-येत राहिले आणि दोघांना शिव्या घालत राहिले. खरं सांगायचं तर मनातून मी यांच्या बाजूची होते. मला वाटायचं, ही बाई निवृत्त झाली, हाताला काम नाही, म्हणून माहेरच्या पाटाखालचं उकरते आहे.

जायच्या आधी पाच-सहा दिवस मी तिच्याकडे गेले होते. ती वाळली होती. चहा तिने केला, पण स्वतःचा प्यायली नाही. सारखी उठून खिडकीशी जायची. शेवटी मला हाताला धरून काचेपाशी नेलं. दोन कागद शेजारी शेजारी लावलेले होते, एक जुन्या लट्ठ्याची प्रत, दुसरा त्यावरून पुढे उतरवलेला नकाशा. पहिल्यात त्या ठिकाणी दोन फिकट रेघा होत्या, बरोबर कापडाच्या घडीवर आलेल्या. दुसऱ्यात ती जागा कोरी. तिने त्या दुसऱ्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात ट्रेसरची सही होती. कुमुदची.

"नोकरीचं पहिलं वर्ष होतं, वहिनी," ती म्हणाली. "मला दिसल्या होत्या रेघा. एकदम साफ नाही, पण दिसल्या होत्या. मी म्हटलं ही घडीची खूण असणार... कारण मला माहीत होतं ना, तिथे रस्ता नाही. आपलं शेत आहे ते. मी त्या केळीत खेळलेली आहे." मग म्हणाली, "दुसऱ्या कोणाचं गाव असतं तर मी काढल्या असत्या."

आणि तेवढ्यावर संपलं नव्हतं. देवकाबाईच्या नवऱ्याने अर्ज केला तेव्हा त्याला नकाशाची नकल, म्हणजे कचेरीतली प्रत, लागली होती. कचेरीत ओळखीची म्हणून तो हिच्याकडेच आला. हिने एका दिवसात काढून दिली, स्वतःच्याच नकाशाची. नकल हातात घेऊन तो हात जोडून गेला. "त्याने मला आशीर्वाद दिला गं," एवढं बोलून ती खाली बसली. भावाला तिने हे सांगितलंच नव्हतं. वडिलांचा दोष सांगायला धीर झाला, स्वतःच्या हाताचा सांगायला झाला नाही. म्हणाली, रविवारी ये, आपण दोघी शेतावर जाऊ, ती वाट एकदा चालू, मग मी दादासमोर बसून सगळं सांगते. मी एकटी नाही जाऊ शकत.

तो रविवार म्हणजे ट्रकचा रविवार.

सगळं आटोपल्यावर तिच्या दोन खोल्या आवरायचं काम माझ्याकडे आलं. साड्या, भांडी वाटून टाकली. नकाशांच्या गुंडाळ्या एका महाविद्यालयाने नेल्या. निंबोल्याचे दोन कागद मात्र मी घरी आणले आणि मधल्या खोलीच्या खिडकीला लावले. काही बोलले नाही. हे रोज सकाळी त्याच खोलीत चहा पितात. पहिल्या दिवशी त्यांनी कागदांकडे बघितलं, दुसऱ्या दिवसापासून खुर्ची फिरवून पाठ करून बसायला लागले. तीन आठवडे तसंच चाललं. मला सांगायचं होतं आणि सांगवत नव्हतं. आयुष्यभर जिने हाताच्या अभिमानावर दिवस काढले तिची चूक मी का उघडी करावी, असं सकाळी वाटायचं. दुपारी देवकाबाईची सून डोक्यावर घड घेऊन नाल्यातून वर येताना दिसायची. एकदा देवकाबाईच मला भेटली. कुमुदचं ऐकून वाईट वाटलं म्हणाली. "लई चांगली होती. माह्या माणसाले तिनंच कागद काढून दिला होता." मी तिच्या तोंडाकडे बघू शकले नाही. कुमुदवर मी खूप चिडले त्या दिवशी. स्वतः सुटून गेली आणि आपली अस्वस्थता माझ्या पदरात बांधून गेली.

शेवटी वेळ आमच्या हातात राहिली नाही. कापलेलं शेत नांगरून तयार झालं, केळीची टिश्यू कल्चरची रोपं आली. दुसऱ्या दिवशी ओळी आखायच्या होत्या. एकदा रोपं लागली की दीड-दोन वर्षं तिथे कोणी रस्त्याचं नाव काढणार नाही. सकाळी चहा देताना मी यांच्यासमोर उभी राहिले आणि कुमुदने सांगितलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. घडी, रेघा, सही, नकल, आशीर्वाद. हे उठले. खुर्ची बाजूला केली आणि खिडकीशी गेले. त्यांना जवळचं दिसत नाही, तरी चष्मा न घेता कोपऱ्यातल्या त्या सहीवर बराच वेळ बोट ठेवून उभे होते. मग कप तसाच टाकून बाहेर गेले. मला वाटलं, झालं, आता मीही त्यांच्या न बोलण्याच्या यादीत गेले.

दुसऱ्या दिवशी मजूर यायच्या आधी त्यांनी मला शेतावर चल म्हटलं. उत्तरेच्या कडेला पहिली दोरी लावायची होती. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं आणि मला आत सरकायला सांगितलं. दोन ओळींची जागा सोडून मी थांबले. दोरी ताणलेली, मधे मोकळी जमीन. तेव्हा ते तिकडूनच बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

"त्या टोकाला तेव्हा मी होतो," म्हणाले. "नऊ वर्षांचा. कुमुद पाळण्यात होती. बाबा म्हणाले, अजून सरक. मी म्हटलं, बाबा, इथं गाडीची चाकोरी आहे. बाबा म्हणाले, सरक. सरकलो."

साठ-पासष्ट वर्षं या माणसाने हे कोणाला सांगितलं नव्हतं, मलाही नाही. तिकडे ती खिडकीपाशी, इकडे हे खुर्ची फिरवून... दोघांकडे एकाच रस्त्याची एक-एक बाजू होती आणि दोघं दोन वर्षं एकमेकांचं तोंड न बघता बसले होते. मी विचारलं, मग कुमुद आली होती तेव्हा तिला का नाही सांगितलं?

ते दोरीचा पीळ सोडवत राहिले. "ती बाबांचं नाव घेऊन राहिली होती," म्हणाले. "माझं घेतलं असतं तर सांगून टाकलं असतं."

त्यांचे डोळे भरले होते. बहिणीला अग्नी देतानाही भरले नव्हते. मी दोरी खाली ठेवून त्यांच्याकडे जायला निघाले, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"दोरी सोडू नको. अजून एक ओळ आत सरक."

मी म्हटलं, कुमुदच्या मापाने दोन ओळींत रस्ता पूर्ण होतो.

"तो बैलगाडीचा होता," हे म्हणाले. "देवकाबाईकडे आता ट्रॅक्टर येईल."

मी दोरी उचलली आणि अजून एक ओळ आत सरकले.