समुद्रापलीकडे न चालणारं लग्न

मी सासरी नांदायला आले आणि वर्ष-दीड वर्षातच माझा नवरा घर सोडून गेला. बैलजोडी विकायची की ठेवायची, यावरून त्यांचं आणि सासऱ्यांचं कडाक्याचं वाजलं. त्या रागात ते गोंदियाच्या बाजाराला गेले आणि तिथे त्यांना आरकाटी भेटला. समुद्रापलीकडच्या मळ्यांसाठी माणसं गोळा करणाऱ्या दलालाला आमच्याकडे आरकाटी म्हणत. कलकत्त्याला चांगलं काम आहे म्हणून त्याने त्यांना गाडीत बसवलं. कलकत्त्यात एका करारावर अंगठा घेतला आणि आगबोटीने थेट आफ्रिकेत, नेटालला, उसाच्या मळ्यावर नेऊन सोडलं. हे सगळं आम्हाला त्यांच्या पहिल्या पत्रातून कळलं. तोपर्यंत सासूने त्यांना मेलेलंच धरलं होतं, आणि त्यांच्या मरणाचं खापर माझ्या पायगुणावर फोडून झालं होतं.

आमचं गाव तिरोड्याजवळ, धानाच्या बांध्यांमध्ये. पत्र आलं की माझा दीर ते अंगणात उभा राहून मोठ्याने वाचायचा. सगळं गाव ऐकणार, हे माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं, म्हणून पत्रात माझ्यासाठी 'घरची मंडळी खुशाल असतील' एवढंच असायचं. त्या एका ओळीवर मला वर्ष काढावं लागे. शेवटी मी गावातल्या मास्तरांच्या बायकोकडे अक्षरं शिकायला जाऊ लागले.

सासू म्हणायची, "शाईनं पोट भरते काय? धान कोण कांडंन?"

मी धान कांडून जायची. मला निवांत बसणं जमतच नव्हतं. धानाच्या रोपांच्या रोवणीत माझे हात इतके भराभर चालत की बाजूच्या बाया म्हणायच्या, हिच्या मागं कोणी लागून राहिलं आहे काय?

करार संपल्यावर ते तिथल्या कोळशाच्या खाणीत कामाला लागले आणि त्यांनी मला बोलावून घेतलं. हे पत्र मी स्वतः वाचलं, माजघरात बसून. एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. मी जाणार, हे मनात पक्कं झालं. सासऱ्यांनी अडवलं नाही. बैलांवरून मुलाला घालवून बसल्यापासून ते कमीच बोलत. मी दोन लुगडी धुऊन, घड्या घालून ठेवली.

आणि मग दुसरं पत्र आलं की निघू नकोस. तिथल्या एका मोठ्या कोर्टाने निकाल दिला होता की ख्रिस्ती धर्माच्या रीतीने लागलेलं लग्न तेवढंच खरं. हिंदूंचं, मुसलमानांचं लग्न तिथल्या कायद्यात बसत नाही. नवऱ्याकडे आलेल्या बायकांना बंदरावरून परत पाठवतात.

दिराने पत्र माझ्या हातातून घेऊन वाचलं आणि घडी करून मला परत दिलं. मी विचारलं, "म्हणजे मी कोण मग?"

सासू चुलीपाशी होती. ती म्हणाली, "इथं सून आहेस. तिथलं तिथं."

पण मला ते पुरेना. कोण कुठला न्यायाधीश, त्याने मला कधी पाहिलं नाही, आणि माझा मांडव मोडून मोकळा झाला. मी विहिरीवर जायची, भरलेली घागर तशीच ठेवून परत यायची. रागावायचं कोणावर, तेच कळत नव्हतं.

त्या हिवाळ्यात बातमी आली की तिथल्या खाणींमधल्या आपल्या लोकांनी काम बंद केलं आहे, बायकासुद्धा तुरुंगात गेल्या आहेत. नवऱ्याचं पत्र येणं थांबलं. दीर गोंदियाला जाऊन भंडाऱ्याच्या एका वकिलांना भेटला. ते त्या प्रश्नावर गोंदियात सभा भरवणार होते. आपलं सरकार इंग्रजांचं, आफ्रिकेतलंही त्यांच्याच साम्राज्यातलं. तेव्हा इथल्या लाटसाहेबाने, म्हणजे व्हाइसरॉयने, तिथल्या सरकारला जाब विचारावा, असा ठराव करून तार पाठवायची होती. दिराने माझी हकिकत सांगताच वकील त्याच्याबरोबर आमच्या घरी आले.

ते सासऱ्यांना म्हणाले, "आम्ही हजार भाषणं करू. पण जिचं लग्न नाकारलं ती बाई दोन शब्द बोलली, तर त्या तारेला वजन येईल."

सासरे म्हणाले, "आमच्या घरची सून चारचौघांत उभी राहत नाही."

मी दाराआड होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बोलीन."

सासऱ्यांनी दाराकडे पाहिलं. मग ते एवढंच म्हणाले, "डोक्यावरचा पदर पडू देऊ नको."

सभा एका धर्मशाळेच्या आवारात होती. बहुतेक व्यापारी, हिंदी बोलणारे. वकिलांनी हिंदीतून निकाल समजावून सांगितला आणि मला पुढे बोलावलं. मास्तरांच्या बायकोने मला चार वाक्यं पाठ करून दिली होती, ती सगळी विसरले. मी आमच्याच बोलीत म्हणाले, "माझा नवरा तिकडं आहे. त्याले मी बायको वाटतो. मले तो नवरा वाटते. मंग त्या कोर्टाले काऊन वाटत नाही, हे त्याले कोणी तरी विचारा." आणि खाली बसले. मग मागून एक म्हातारा व्यापारी म्हणाला, "बहू ठीक कहती है, तार में यही लिखो."

तार गेली. पुढे कळलं की लाटसाहेबाने मद्रासेत आपल्या लोकांची बाजू उघड घेतली. साहेब साहेबाविरुद्ध बोलला, याचं गावात नवल झालं. मग तिकडे चौकशी बसली, इथून अधिकारी गेले, बोलणी सुरू झाली. रोज कोणीतरी मला काहीतरी सांगायचं आणि त्यातलं निम्मं खोटं निघायचं. मोहाची फुलं पडायला लागली, संपली. मी टोपली घेऊन जायची आणि अर्धीच भरून परत यायची. नवराही त्या संपात तुरुंगात गेला होता; ते सुटल्याचं कळलं, पण पायाला मार लागला होता.

पावसाळ्यात नवा कायदा झाला. एका पुरुषाची एक बायको, तिचं लग्न तिच्या धर्माप्रमाणे झालेलं असलं तरी तिथे मान्य. मात्र लग्न झाल्याचा दाखला इथल्या सरकारी अधिकाऱ्याने द्यायचा. पाठोपाठ युरोपात लढाई पेटली, आगबोटी कमी झाल्या. त्यामुळे तिरोड्याच्या कचेरीत आमची पाळी यायला आणखी बरेच महिने गेले.

तहसीलदार नागपूरकडचे होते. त्यांनी विचारलं, "लग्न लावणारा ब्राह्मण कुठे आहे?"

दीर म्हणाला, "वारले."

"लग्नाला हजर असलेलं दुसरं कोणी?"

गावचे दोघे बोलले, पण एकाने लग्न उन्हाळ्यातलं सांगितलं आणि दुसऱ्याने माघातलं. तहसीलदारांनी लेखणी खाली ठेवली. समुद्रापलीकडचा कायदा बदलला होता आणि मी इथे, माझ्याच तालुक्यात, अडकणार होते.

तेवढ्यात सासू पुढे झाली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

"साहेब, हे माझी सून आहे," ती म्हणाली. "पोरगा गेला तवापासून मी हिले बोल लावून राहिली. उठता-बसता. परक्या बाईले कोणी एवढं बोलते काय?"

कचेरीतला कारकून हसला. तहसीलदार हसले नाहीत. त्यांनी सासूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "लिहून घ्या."

बाहेर आल्यावर मी सासूच्या पाया पडले. ती म्हणाली, "रडून नको राहू. गाडीत बसल्यावर रड."

दिराने मला मुंबईच्या बंदरापर्यंत पोचवलं. आगबोटीवर माझा जीव एका जागी ठरत नव्हता. इतक्या वर्षांनी ते ओळखतील का? दाखला मी पोटाशी बांधून ठेवला होता. डर्बनच्या गोऱ्या अधिकाऱ्याने तो उलटसुलट पाहिला, माझ्या अंगठ्याचा ठसा घेतला आणि मला जाऊ दिलं. कठड्यापलीकडे एक पिकल्या मिशांचा माणूस काठीवर भार देऊन उभा होता. मी त्याच्यावरून नजर फिरवून पुढे बघायला लागले.

तो म्हणाला, "इकडं-तिकडं कायले पाहून राहिली? मीच तो."

त्या आवाजावरून मी त्यांना ओळखलं.

पायामुळे त्यांचं खाणीतलं काम सुटलं होतं; आम्ही एका मळ्याजवळ पत्र्याच्या खोलीत राहू लागलो. पण चार दिवसांतच मला कळलं की आम्हाला परवान्याशिवाय बाजूच्या प्रांतात जाता येत नाही, आणि वाटेल तिथे घर-जमीन घेता येत नाही.

मी नवऱ्याला म्हणाले, "हे लाटसाहेबाले कोणी सांगतलं नाही काय?"

"सांगतलं ना," ते म्हणाले. "दोन सरकारं बोलाले बसली का थोडं देतात, थोडं ठेवतात. आपल्या वाट्याले तू आलीस."

मला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण रागही आला, आणि तो गेला नाही.

मला लिहिता येतं हे आजूबाजूच्या बायकांना समजलं. कोणाची जाऊ गावाकडे अडकलेली, कोणाची सून. मी त्यांच्यासाठी अर्ज लिहायला लागले. कोणत्या कचेरीत जायचं, साक्षीदारांनी लग्नाचा महिना आधी एकमताने ठरवून घ्यायचा, हे मी आवर्जून कळवायची.

एक बिहारकडची बाई येऊन बसली. तिच्या नवऱ्याची पहिली बायको गावाकडे होती. ही त्याची दुसरी, तीसुद्धा रीतसर लग्नाची. माहेरी आजारी आईला भेटायला जायचं होतं, पण एकदा गेली की तिला परत येऊ देणार नव्हते. कायद्यात एकच बायको बसत होती.

मी तिला म्हणाले, "तुमच्यासाठी मी काय लिहू? त्यांनी मान्यच केलं नाही."

ती म्हणाली, "तुम लिखो तो सही."

मी लिहिलं. पुढे नवऱ्याचा पाय फारच अधू झाला आणि आम्ही गोंदियाला परत आलो, तोपर्यंत तिच्या अर्जाचं उत्तर आलेलं नव्हतं. ती तिथेच होती. तिची आई केव्हाच वारली होती.