मनगटापर्यंत बाही

सोलापुरात सात रस्त्याच्या अलीकडे गोऱ्या बाईंची मुलींची शाळा होती. तिच्या पडवीत अंबुबाई हातमशीन घेऊन बसायची. दरसाल बोटीनं परदेशातून एक पेटी यायची. तिकडच्या बायका घालून कंटाळल्या की त्यांचे मेजवानीचे झगे पेटीत भरत. रेशीम उंची, पण दंड उघडे अन् पाठ कमरेपर्यंत मोकळी. पहिला झगा बघून अंबुबाईनं विचारलं होतं, शिंप्याचं कापड संपलं का काय.

मोठ्या बाईंचा हुकूम ठरलेला होता. गळा बंद, पाठ बंद, बाही कोपरापर्यंत, घोटा दिसता कामा नये. एरवी पोरी साधी लुगडी नेसत. पण दरसाल दाखले वाटायच्या समारंभाचा फोटो पेटी धाडणाऱ्यांना पाठवायचा असे, म्हणून त्या एका दिवशी झगे. देणाऱ्याला आपलं दान डोळ्यांनी बघायचं असतं ना! मग एका झग्याचा घेर कापून दुसऱ्याच्या बाह्या करायच्या, हे काम अंबुबाईनं तेरा वर्षं केलं.

ती इथं का चिकटून बसली होती, हे शाळेत शिकणाऱ्या एकट्या रंभाला ठाऊक होतं. मानमोडीच्या तापाच्या साथीत जेऊरला अंबुबाईचा नवरा गेला, दीरानं घराबाहेर काढलं. पदरात सहा वर्षांची रंभा. शाळेत फुकट घेत ते फक्त अनाथांना. तेव्हा ह्या बाईनं काळजावर दगड ठेवून सांगितलं, की मी शेजारीण, पोरीचे आईबाप साथीत गेले. पोरीला बजावलं, मला मावशी म्हणायचं. पुढं महिन्याभरात शिवणकाम मागून तिथंच राहिली. एकदा बोललेलं खोटं मोडता येईना, अन् पोर मात्र डोळ्यांसमोर वाढत गेली.

आता रंभा मास्तरीण होणार होती. दाखला हातात पडला की मोठ्या बाईंपुढं उभं राहायचं अन् सांगायचं, ही माझी लेक. मग रागावा, नाहीतर हाकलून द्या. अंबुबाईनं हे मनाशी पक्कं केलं होतं. त्या दिवसासाठी तिनं नवा खण घेतला अन् चोळी शिवून ठेवली.

समारंभाच्या चार दिवस आधी रंभा झगा अंगाला लावून बघायला आली. आभाळी रंगाचा झगा होता. अंबुबाईनं टाचण्या तोंडात धरल्या अन् खांद्यापासून कोपरापर्यंत माप घेतलं.

"मावशी, माझी बाही मनगटापर्यंत करा," रंभा म्हणाली.

अंबुबाईनं टाचण्या काढल्या. "उनाचं दिस हायेत. समद्यांच्या कोपरापतुरच हायेत की."

रंभानं पडवीत कुणी नाही हे बघून घेतलं. बाईंनी तिचं लग्न एका मास्तराशी जमवत आणलं होतं. "त्यांची आई येणार आहे. ती करमाळ्याकडची, गोंदण ओळखणारी. आपल्या दोघींचे हात तिनं बघितले तर सगळं संपेल, आई."

तेरा वर्षांनी ती आई म्हणाली.

करमाळ्याच्या जत्रेत, साथीच्या आदल्या वर्षी, पोरीच्या हातावर, मनगटाच्या जरा वर, तुळस गोंदवून घेतली होती. सुई टोचली तशी पोरीनं हात ओढला अन् एक फांदी वाकडी गेली. माझीच वाकडी म्हणून ती रडत बसली. तेव्हा अंबुबाईनं आपला हात पुढं केला अन् गोंदणारणीकडून मुद्दाम तसलीच वाकडी फांदी काढून घेतली. पोर लगेच हसली होती.

"करती," अंबुबाई म्हणाली.

तिनं रंभाची बाही मनगटापर्यंत शिवली, टोकाला काज घेतलं, गुंडी लावली. मग आपल्या ट्रंकेतली नवी चोळी काढून तिच्या बाह्या उसवल्या. त्याही मनगटापर्यंत न्यायला खण पुरला नाही, तेव्हा जुन्या लुगड्याचा तुकडा जोडला. रडू आलं तसं ती रडली, पण शिवण सरळ घातली.

समारंभाला सोलापूरचं ऊन अंगाची लाही करत होतं. मास्तराची आई रंभाचा हात हातात घेऊन बसली, पोर पसंत पडल्याचं तिच्या तोंडावरच दिसत होतं. आईबाप कधी गेले, असं तिनं विचारलं. मानमोडीत, रंभानं सांगितलं. दोन हातांच्या अंतरावर अंबुबाई पाण्याची घागर घेऊन उभी होती.

मोठ्या बाईंचं लक्ष अंबुबाईकडं गेलं. एवढ्या उन्हात ही लांब बाही कशाला, त्यांनी हसत विचारलं.

"थंडी वाजती, बाईसाहेब."

सगळ्या हसल्या. रंभालाही हसावं लागलं.

फोटोसाठी मुली ओळीनं उभ्या राहिल्या. रंभाच्या बाहीची गुंडी निसटली होती अन् बाही वर सरकत होती. अंबुबाई घागर ठेवून पुढं झाली. पोरीचा हात तिनं हातात धरला, वाकडी फांदी क्षणभर अंगठ्याखाली चेपली, मग बाही खाली ओढून गुंडी लावली.

फोटोवाल्यानं हातानं खूण केली, तशी ती बाजूला झाली.