वाळायला टांगलेली फळी

माझा मेहुणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, सर्फिंगच्या फळ्या दुरुस्त करतो. आमच्या घरामागील पत्र्याच्या शेडमध्ये त्याचे दुकान आहे. आत राळेचा उग्र वास, घासकागदाची पांढरी धूळ आणि आढ्याला टांगलेल्या फळ्या. त्याचा नियम एकच: भेगेतून पाणी शिरून जड झालेली फळी पुरती वाळल्याखेरीज बुजवायची नाही. घाई करणाऱ्यास तो शांतपणे सांगे, "तुमची घाई फळीला कळत नाही." या हेक्यापायी निम्मी गिऱ्हाइके गेली, तो मात्र बधला नाही.

त्याची बायको वारल्यापासून त्याच्या घरात तो आणि त्याची लेक, एवढीच माणसे. लेकीचा हात बापाहून सफाईदार. दुकान तीच पुढे चालवील, हे त्याने मनाशी धरलेले. अशात तिला दूरच्या शहरात नोकरी मिळाली आणि होकार कळवण्यास थोडेच दिवस उरले. "जाऊ नकोस" असे त्याने एकदाही म्हटले नाही. त्याने केवळ तिची लहानपणापासूनची फळी खाली काढली. तिच्या एका मैत्रिणीने ती नुकतीच खडकावर आपटून आणली होती.

"दाजी, समुद्रावर तंबू ठोकून राहू," तो मला म्हणाला. "लाटेवर उभी राहिली की तिचं मन फिरेल."

"फळी वाळली?"

"बुजवली," असे म्हणून तो तंबूच्या खुंट्या पिशवीत भरू लागला.

आम्ही तिघे गेलो. खुंट्या एका रेषेत नव्हत्या, म्हणून मी त्या उपटून पुन्हा ठोकल्या.

"आतोबा, तंबू आहे हा, कवायत नाही," लेक म्हणाली. बाप पोट धरून हसला. संध्याकाळी स्टोव्हवर चहा उकळत असता तिने शेडचे दार रुंद करून दुकानात मोठ्या फळ्याही घेण्याचा विषय आपण होऊन काढला. मेहुण्याने माझ्याकडे पाहिले. मी कपात पाहत राहिलो.

सकाळी ती लाटांवर सुरेख उभी राहिली. मग फळी तापल्या वाळूत ठेवून चहाला आली. चहा संपेपर्यंत आत कोंडलेल्या पाण्याची वाफ होऊन बुजवलेली जागा फोडासारखी फुगली होती. तिने अंगठ्याने दाबली. साल सुटली आणि पाणी ओघळले.

"बाबा, ओली बुजवलीत?"

"दोन दिवस तग धरेल वाटलं."

"तुम्हाला वाटलं?"

तिने फळीवरची वाळू हातानेच झटकली.

"मला थांबवायला हे केलंत. मी खरंच थांबले, तर आणखी काय काय कराल, बाबा?"

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते. दुपारी तंबू उतरवला. वाटेतच तिने होकार कळवला.

ती गेल्यावर त्याने ती जागा कापून मोकळी केली आणि फळी आढ्याला टांगली. इतर कामे तो आता घेत नाही. परवा मी विचारले, "ही कधी बुजवणार?"

"अजून ओली आहे, दाजी."

तो पाणी प्यायला घरात गेला, तेव्हा मी फळीला खालून हात लावून ती किंचित उचलली. ती पिसासारखी हलकी होती.