एका पलंगाची गाडी

सिस्टर कोणालाही माफ करत नसत. हे त्या स्वतःच सांगायच्या, एखाद्याने आपला रक्तगट सांगावा तितक्या सहज. "माझ्यात ते नाहीच गं मेघा. देवाने द्यायचं राहून गेलं," असं म्हणून पुन्हा कामाला लागायच्या.

कुवेतमधल्या आमच्या हॉस्पिटलात सिस्टर शेकड्यांनी होत्या. पण आम्हा मराठी मंडळींत नुसतं 'सिस्टर' म्हटलं की त्या एकच. मूळच्या कणकवलीजवळच्या एका गावातल्या, मेडिकल वॉर्डच्या इनचार्ज, चालताना पाठ कधी न वाकवणाऱ्या. मी तिथे लॅबमध्ये टेक्निशियन. फिंतासला आमच्या इमारतीत त्या चौथ्या मजल्यावर राहायच्या आणि आम्ही दुसऱ्यावर. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी तापाने पडले, नवरा कामासाठी दुबईला गेला होता. तेव्हा ओळख नसताना सिस्टर तीन दिवस ड्यूटीवरून परस्पर माझ्याकडे येऊन पेज करून गेल्या. त्यांची स्मरणशक्ती दोन्ही बाजूंनी पक्की होती. उपकारही त्या विसरत नसत, फक्त ते बोलून दाखवत नसत.

आमच्या इमारतीच्या रखवालदाराने, हारिसने, एकदा त्यांना भाजीच्या पिशव्यांसकट लिफ्टमधून उतरवलं आणि आधी मालकाच्या पाहुण्यांना वर नेलं. त्यानंतर आठ महिने सिस्टर चार मजले जिन्याने चढल्या. प्रत्येक वेळी त्याच्या खोलीसमोर थांबून दम खायच्या आणि मोठ्याने "सलाम आलेकुम" म्हणायच्या. शेवटी तो बिचारा त्यांची चाहूल लागली की आत जाऊन बसू लागला. मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात कोणीतरी त्यांच्या सोलकढीला 'पाणचट' म्हटलं होतं. पुढची सहा वर्षं प्रत्येक हळदीकुंकवाला त्या सोलकढी घेऊन गेल्या आणि पहिला पेला त्या बाईंच्या हातात दिला. "संपवा," एवढंच म्हणायच्या.

पण हे सगळे किरकोळ राग. खरा राग एकच होता आणि तो त्यांनी मला फार उशिरा सांगितला.

त्यांचे यजमान तब्येतीमुळे गावीच असत, थोरल्या भावाच्या कुटुंबाबरोबर एकाच घरात. ते अचानक गेले. सिस्टरांना इथून निघायला लागणारी रजेच्या कागदावरची सही मिळण्यात दोन दिवस गेले, आणि त्या पोचल्या तेव्हा सगळं उरकलेलं होतं. थोरले दीर अंगणात उभे होते. ते म्हणाले, "घर पाहुण्यांनी भरलंय. तुझी सोय बाजारातल्या लॉजवर केली आहे." नवऱ्याच्या तेराव्यापर्यंतचे सगळे दिवस सिस्टरांनी कणकवलीच्या लॉजवर काढले. रोज सकाळी रिक्षाने घरी जायचं, पडवीत बसायचं, संध्याकाळी परत. एकदा घरात पाय ठेवला की ही हिस्सा मागेल, अशी त्या लोकांना भीती होती.

"मग तुम्ही कोर्टात का नाही गेलात?" मी विचारलं.

"कोर्टात गेले असते तर घर मिळालं असतं," त्या म्हणाल्या. "मला घर नको. मला त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांची परवानगी न घेता, तेरा दिवस राहायचंय."

हे कसं जमणार, ते निवृत्तीच्या आदल्या हिवाळ्यात ठरलं. थंडी पडली की इथले लोक जहरा शहराच्या पलीकडे वाळवंटात तंबू ठोकतात. एका रुग्णाच्या घरच्यांनी सिस्टरांना तिथे जेवायला बोलावलं, मीही बरोबर गेले. तंबूंच्या शेजारी चाकांवरचं घर उभं होतं. आत पलंग, शेगडी, न्हाणीघर, सगळं. यजमानीणबाईंनी ते कौतुकाने दाखवलं. परतताना, फिंतास आल्यावर, सिस्टर म्हणाल्या, "मेघा, हे घर कोणाच्याही दारात उभं राहतं."

त्यानंतर तीन महिने आमचे शुक्रवार जहराच्या रस्त्यावरच्या एका जुन्या गाड्यांच्या यार्डात गेले. गाडी मी चालवायचे. सिस्टरांच्या पर्समध्ये वॉर्डातली टेप असायची, पोटाचा घेर मोजायची. यार्डातला विक्रेता अबू करीम इजिप्तचा होता. हिंदी आणि अरबी मिसळून बोलायचा. पहिल्याच दिवशी त्याने सहा माणसं झोपतील अशी लांबलचक गाडी उघडून दाखवली.

"वाहिद," सिस्टर म्हणाल्या. एकच पलंग हवा.

"मदाम, मेहमान आयेगा तो?"

"मेहमान के लिए लॉज होता है," सिस्टर म्हणाल्या.

त्याला काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी बाहेर वाळूकडे बघत राहिले.

एखादा पेशंट तपासावा तशी त्यांनी प्रत्येक गाडी तपासली. चपला काढून पलंगावर दहा मिनिटं पडायच्या. न्हाणीघरात जाऊन दार लावायच्या आणि आतून विचारायच्या, "पडले तर हात कुठे जाईल?" पाण्याची टाकी किती दिवस पुरेल, उभ्याने पोळी लाटता येईल का, गुडघे दुखत असताना पायरी चढता येईल का. हे प्रश्न कोणीही विचारलं असतं. पण त्यांचे काही प्रश्न निराळे होते. शेगडी उजव्या खिडकीखालीच हवी, कारण गावी गाडी उभी राहील तेव्हा उजवीकडे दिरांची पडवी येणार. दीर सोमवारचे कडक उपास करायचे. सिस्टर सोमवारी बांगडे तळणार होत्या.

मोठी गाडी त्यांनी एका कारणाने नाकारली. गावातलं शाळेजवळचं वळण अरुंद आहे. "तिथे अडकली तर ढकलायला तेच येतील. त्यांचा हात माझ्या गाडीला लागलेला मला नको."

अखेर इथली गाडी घेतलीच नाही. डावीकडच्या स्टिअरिंगची जुनी गाडी तिकडे नेऊन चालवता येणार नाही, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. यार्ड फक्त शिकायला होतं. सगळी मापं वहीत उतरवून त्यांनी ती कोल्हापूरच्या एका बॉडी बांधणाऱ्या मिस्त्रीला पाठवली, आणि त्याने छोट्या बसच्या सांगाड्यावर तसं घर बांधून दिलं. अबू करीमला त्यांनी शेवटच्या शुक्रवारी डबाभर बेसनाचे लाडू दिले. तीन महिने त्याने एकदाही तोंड वाकडं केलं नव्हतं.

पुण्याची लेक मात्र वैतागली. "आई, या वयात? बी प्रॅक्टिकल," ती फोनवर म्हणाली.

"पावसाळ्याचे चार महिने तुझ्याकडे. उरलेले माझे," सिस्टर म्हणाल्या आणि विषय संपला.

त्या गेल्या. वर्षभरात हात बसावा म्हणून स्वतः गाडी चालवत गोकर्ण, बदामी असं फिरल्या, आणि जानेवारीत गावी पोचल्या. दिरांच्या घरासमोर देवस्थानची मोकळी जागा आहे. पुजाऱ्यांना विचारून तिथे गाडी लावली. मी इकडे रोज फोनची वाट बघत होते. खरं सांगायचं तर मलाही तो सूड बघायचा होता. पेज करून घालणारं माणूस नवऱ्याच्या तेराव्यापर्यंत लॉजवर राहिलं, हे मलाही पचलेलं नव्हतं.

तेरा दिवस उलटल्यावर एका शुक्रवारी सकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मी फिंतासच्या किनाऱ्यावर चालत होते, तिथल्याच बाकावर बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"त्याने मला पुन्हा फसवलं," सिस्टर म्हणाल्या. "तो विसरलाय."

दिरांची स्मृती दोन वर्षांपासून गेली होती. सोमवारी सिस्टरांनी बांगडे तळले, तर ते वासाने स्वतःच गाडीपाशी आले आणि दोन तुकड्या खाऊन गेले. आज सोमवार आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. वर म्हणाले, "कोण गे तू? भायर कित्याक बसलंस? घर मोठा आसा, आत ये."

सिस्टरांचा संताप अनावर झाला. त्यांनी तिथेच, गाडीच्या दारात उभं राहून, त्यांना सगळं सांगितलं. मी तुमच्या धाकट्या भावाची बायको. त्याच्या मरणाला तुम्ही मला लॉजवर पाठवलंत. दीर ऐकता ऐकता रडायला लागले. "असां कोण करता?" ते म्हणाले. "कोण तो मेलो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा आले. पुन्हा कोण गे तू. सिस्टरांनी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा रडले, त्या न पाहिलेल्या माणसाला शिव्या दिल्या. असं सहा दिवस चाललं.

"बरं वाटलं?" मी विचारलं.

"पहिले दोन दिवस फार बरं वाटलं," त्या म्हणाल्या. खोटं त्या कधी बोलल्या नाहीत.

सातव्या दिवशी थोरली जाऊ गाडीपाशी आली. पायरीला धरून उभी राहिली. सिस्टरांना वाटलं, आता ही हात जोडणार, पुरे कर म्हणणार. त्याचीच तर वाट होती. जाऊ म्हणाली, "उद्यापण सांग गो तेंका. रडले काय निजतत. माका दोन तास गावतत."

दोन वर्षं ती बाई धड झोपली नव्हती.

"माझा सूड तिने गोळीसारखा वापरला, मेघा," सिस्टर म्हणाल्या. स्क्रीनवर त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

आठव्या दिवशी त्यांनी मुद्दाम काही सांगितलं नाही. दीर आले, चौकशी करून परत गेले. दुपारी जाऊ बसल्या जागी पेंगली आणि ते फाटकातून बाहेर पडले. सिस्टरांना ते शाळेच्या वळणावर सापडले, अनवाणी, रस्त्याच्या मधोमध. हाताला धरून त्यांनी त्यांना परत आणलं, तळपायातले काटे चिमट्याने काढले, पट्टी बांधली. नवव्या दिवसापासून पुन्हा रोज सकाळी सांगायला लागल्या. तेराव्या दिवसापर्यंत एकही खाडा नाही.

"आता हे सूड म्हणून की औषध म्हणून?" मी धीर करून विचारलं.

"तुला काय करायचंय," त्या म्हणाल्या.

यंदाच्या पावसाळ्यात दीर गेले. सिस्टर तेव्हा पुण्यात लेकीकडे होत्या. त्यांनीच फोन करून सांगितलं, आवाजात काही चढउतार नव्हता. मी म्हणाले, "संपलं एकदाचं, सिस्टर. आता तरी राग सोडा."

"कसा सोडू? जाऊ आहे ना अजून," त्या म्हणाल्या. "लॉजची कल्पना तिचीच होती. तिनेच सांगितलं मला, तेराव्या दिवशी, पायरीवर बसून. जानेवारीत जाणार आहे. ती एकटीच असेल आता त्या घरात. सुटणार नाही माझ्या हातून."

पलीकडे त्या वहीत काहीतरी बघत असाव्यात, पानांचा आवाज आला.

"आणि हे बघ, तुझ्या घराजवळच्या फार्मसीतून गुडघ्याचे पट्टे घेऊन ठेव. तू डिसेंबरात येशील तेव्हा आण. इकडचे दोन महिन्यांत सैल पडतात."

"तुमच्या मापाचे ना?"

"माझ्या नाही. तिच्या," सिस्टर म्हणाल्या. "लार्ज घे. उजवा जास्त सुजतो तिचा."