मायच्या गालातली गाठ

माय डोक्यावर पाटी घेऊन तळ्यातले मासे विकायची. तिची हाक शेजारच्या टोलीवरच्या घरांपर्यंत जायची. डाव्या गालात दिवसभर तंबाखू-चुन्याची गोळी. मी बाळंतपणाला माहेरी आले, तेव्हा तिथंच मिरीएवढं काही कडक तिच्या जिभेला लागत होतं. दुखत नव्हतं, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही.

दुखायला लागलं तेव्हा बापानं वैदूला बोलावलं. त्यानं तापलेल्या सळईनं गालाला डाग दिला. तिचे हात मीच धरले होते.

पुढं गालाला भोक पडलं. पाणी प्यायली की बाहेर गळायचं, वास यायचा. गिऱ्हाइकं तिच्या हातचे मासे घेईनात. मग मीही तिची ताटली वेगळी करून गोठ्यात ठेवली. "मी मेली का व?" एवढंच ती बोलली.

चांद्याच्या डॉक्टरांनी मान चाचपली आणि नागपूरला धाडलं. कडेवर पोर घेऊन मी सोबत गेले. बाप घरीच राहिला. तिथं गाठ जाळायला तिच्या गालात रेडियमच्या सुया टोचल्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या ओठावर लहानसा फोड होता. ती बरी होऊन साखर वाटत घरी गेली.

मायनं डॉक्टरांना विचारलं, "तिले बरं झालं, मंग मले काऊन नाई?"

"बाई, तिची गाठ लहान होती, ओठावरच होती. तुमची मानेत उतरलीय. हात लावला तर हलतही नाही. लवकर यायला हवं होतं."

"तवा तं दुखतच नव्हतं," माय म्हणाली. डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळले.

गालाची जखम थोडी भरली, पण जबडा असा आखडला की तोंडात बोटही जाईना. मानेतली गाठ वाढतच राहिली. आम्ही घरी आलो, तर चुलीशी दुसरी बाई बसलेली. बाप म्हणाला, "रांधाले कोनी पायजे नं."

मायला आता बोलताच येत नव्हतं.

मी चार दिवसांत सासरी निघून गेले. मायला पेज पाजली ती त्या दुसऱ्या बाईनं, दातांच्या फटीतून, चमचा चमचा. तिनंच धान कापणीच्या आधी निरोप धाडला: तुझी माय दाराकडं बोट दाखवून राह्यली, ये.

पोराला ताप आहे, असं मी उलट कळवलं. पोर अंगणात खेळत होतं.