धाकट्याला हाक

अमेरिकेत ईडन प्रेरी गावात आमच्या शेजारी राहणारा तो पोस्टमन फार कमी बोलायचा. काहीही विचारलं की आधी लांबचं काही ऐकत असल्यासारखा थांबायचा, मग "शुअर" म्हणायचा.

पंच्याऐंशीच्या नोव्हेंबरात त्याने मला जंगलातल्या त्यांच्या कॅम्पवर, म्हणजे एका लाकडी केबिनवर नेलं. दरवर्षी त्याचं सगळं कुटुंब तिथे हरणांच्या शिकारीला जमायचं. त्याचा धाकटा भाऊ खूप वर्षांपूर्वी तिथूनच शिकारीला गेला आणि परतलाच नाही, असं त्याच्या आईने मला कॉफी देताना सांगितलं.

दुपारी आम्ही दोघं बर्फातून निघालो. समोर मोठं हरण आलं. त्याने नेम धरला आणि एकाएकी बंदूक खाली घेतली.

"काय झालं?" मी कुजबुजलो.

"तो मध्ये उभा आहे."

मला नुसती झाडं दिसत होती. हरण निघून गेलं. मग त्याने झाडांकडे बघून हाक मारली, "चल, आई जेवायची थांबलीय!"

कॅम्पवर पोचल्यावर त्याने दार उघडून धरलं. मी आत शिरणार, तोच त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"एक मिनिट. आधी त्याला जाऊ दे."

आत त्याची आई खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. मी बाजूला सरलो.